योग शिकायला किती खर्च येतो, आणि दुखापतीला किती

माझ्या गुडघ्याची बिलं मी एका पाकिटात जपून ठेवली आहेत. हाडांच्या डॉक्टरांची तपासणी दोन वेळची मिळून ६०० रुपये, एक्स-रे ४५०, अकोल्याला जाऊन केलेला एमआरआय ६,५००, फिजिओथेरपीला १८ वेळा गेले ते प्रत्येकी २५० प्रमाणे ४,५००, औषधं आणि नी-कॅप १,२८०, अकोल्याच्या दोन खेपांचा प्रवास नि वरखर्च १,६००. एकूण १४,९३० रुपये. ज्या योग शिबिरात हा गुडघा दुखावला, त्याला शुल्क नव्हतं.

वाशीममधल्या एका मंगल कार्यालयात जूनमध्ये सात दिवसांचं शिबिर होतं. शंभराच्या वर माणसं, स्टेजवर माईक घेतलेले एक गुरुजी आणि रांगांमधून फिरणारे त्यांचे दोन मदतनीस. तिसऱ्या दिवशी पद्मासन आलं. माझा उजवा पाय डाव्या मांडीवर कसाबसा चढला, पण गुडघा जमिनीपासून वीतभर वर राहिला. मागून मदतनीस आला, "काकू, ढिलं सोडा, टेकते आत्ता," म्हणत त्यानं गुडघ्यावर हात ठेवून खाली दाबलं. आतून 'कट' असा आवाज आला. मुलगा चांगल्या मनाचा होता, त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. गुडघ्याच्या आतली गादी अर्धवट फाटली होती. शस्त्रक्रिया टळली, पण सोयाबीन निघेपर्यंत मला जिन्याचा कठडा धरूनच चढावं लागलं.

हे सांगते ते योगाला नावं ठेवायला नाही. मी आजही रोज सकाळी आसनं करते. पण आपल्या जिल्ह्यात योगवर्गाची चौकशी करणारा पहिला प्रश्न विचारतो तो फीचा, आणि फी हा या हिशेबातला सगळ्यात छोटा आकडा आहे. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे मला कळलं ते दुखावल्यानंतर. पुढे दिलेले दर आपल्या तालुक्यांच्या गावांमधले साधारण अंदाज आहेत. गावागावांत शे-दोनशेचा फरक पडेल, म्हणून पैसे देण्याआधी विचारून घ्या.

पहिला खर्च डॉक्टरांकडे, आणि तो बहुतेक फुकट

वर्ग लावण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासा. तिशीच्या पुढच्या माणसाची ही तपासणी आपल्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये केसपेपरसकट तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवायलाही खिशात हात घालावा लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना हा निर्णय लागू नाही. वाशीमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याला जोडलेल्या रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपरच्या खिडकीवरच आधी विचारून घ्या.

डॉक्टरांना नुसतं "योगा करू का?" असं विचारू नका, ते "करा" म्हणतील. कपालभाती करू का, पुढे वाकू का, डोकं खाली पाय वर असं आसन करू का, असे तीन वेगळे प्रश्न विचारा. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटाचं अलीकडचं ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर जोराची कपालभाती आणि भस्त्रिका करायची नाही. स्लिप डिस्क किंवा सायटिका असेल तर पाय सरळ ठेवून पुढे वाकण्याची आसनं आधी बंद. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बायांनी हाडांच्या ठिसूळपणाचं जरूर विचारावं. हाड विरळ झालं असेल तर पाठीची कमान करून खोल वाकताना मणक्याच्या पुढच्या बाजूवर भार येतो आणि मणका चेपू शकतो.

डोळ्यांचं मात्र कुणी विचारतच नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात शीर्षासन करणाऱ्यांच्या डोळ्यातला दाब मोजला गेला. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात आसन चालू असताना दाब जवळजवळ दुप्पट झालेला दिसला. काचबिंदू असलेल्याला हे परवडणारं नाही, आणि काचबिंदू बऱ्याचदा न दुखता येतो. घरात आईवडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीन-चारशे रुपये देऊन दाब मोजून घ्या, मगच उलट्या आसनांचा विचार करा.

वर्ग निवडताना

फुकट म्हणजे वाईट, असं माझ्या गोष्टीवरून कुणी समजू नये. नागपूरच्या रामनगरमधलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक वर्षं विनामूल्य योग शिकवत आलं आहे आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत योग पोचला तो त्या मार्गानं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं तेच मुळी योगक्रियांनी शरीरात नेमकं काय होतं हे तपासायला. त्याही आधी बडोद्याला त्यांनी या क्रिया चालू असताना एक्स-रे काढून पाहिले होते. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस मोजून-मापून योग शिकवायला निघाला होता. आपण मात्र आज माईकवरून एका सुरात शंभर गुडघे वाकवतो.

आपल्याकडे साधारण पाच प्रकारे शिकता येतं. आयुष्मान आरोग्य मंदिरांत ठरलेल्या दिवशी होणारी योगसत्रं मोफत असतात. तुमच्या उपकेंद्राचा वार आशाताईंना विचारा. मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या मैदानावर चालणारे संस्थांचे वर्ग मोफत असतात किंवा महिन्याला शंभर-दोनशे घेतात. खाजगी वर्गाची फी तालुक्याच्या गावी महिन्याला ३०० ते ८०० आणि वाशीम शहरात थोडी जास्त. घरी येऊन शिकवणारे शिक्षक दिवसाआड येण्याचे अडीच ते पाच हजार सांगतात. मोबाइलवरचे वर्ग ५०० पासून पुढे मिळतात, पण तुमची कंबर बाजूनं कशी दिसते हे त्या शिक्षकाला दिसत नाही. म्हणून आसनं एकदा पक्की बसल्यावर मोबाइल चालेल, शिकताना नको.

माझा सल्ला असा: ज्याला कुठेतरी दुखतं, किंवा ज्याचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यानं पहिले एक-दोन महिने लहान गटात किंवा घरी शिक्षक बोलावून शिकावं. हे तीन-चार हजार रुपये जड वाटतील. पण तुमचा गुडघा, तुमची मान, तुमची पाठ पाहून कोणतं आसन कुठपर्यंत करायचं हे त्या काळात ठरतं, आणि मग पुढची दहा वर्षं तुम्ही सभामंडपातल्या मोफत वर्गात निर्धास्त बसू शकता. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: आधी फुकटात दुखावतात आणि मग पैसे भरून दुरुस्ती करून घेतात.

योगवर्ग काढायला कायद्यानं परवाना लागत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या फ्रेम नीट वाचा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाच्या परीक्षांना चढत्या पायऱ्या आहेत. योगा प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर ही पहिली, मग योगा वेलनेस इन्स्ट्रक्टर, त्यावर टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि मास्टर. पहिल्या पायरीचा माणूस योगदिनाचा ठरलेला क्रम शिकवायला तयार झालेला असतो. त्यानं तुमच्या स्लिप डिस्कवर इलाज करू नये. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, कैवल्यधामचा अभ्यासक्रम, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातलं शिक्षण, हे सगळं चांगलंच. मात्र कागदापेक्षा मी एक गोष्ट जास्त मानते: पहिल्या दिवशी शिक्षकानं तुम्हाला कोणते प्रश्न विचारले? ऑपरेशन झालंय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, शेतात काम करता की बसून, असं काहीच न विचारता ज्यानं तीन महिन्यांची पावती फाडली, तिथून उठून या.

दुसरं, हात लावण्याचं. शिक्षक जागेवर स्थिर करायला हात लावतो तेव्हा तो आधार असतो. तो शरीराचं वजन टाकून ढकलतो, ओढतो, दाबतो, तेव्हा सांधा आणि स्नायूंचे बंध फाटायची वाट उघडते. "सर, मले दाबू नका, मी जमेल तेवढं करतो," एवढं पहिल्याच दिवशी सांगून टाका. याचा ज्याला राग येईल त्याच्याकडे शिकायचं नाही.

फीचं आणखी थोडं. सवलत म्हणून वर्षाचं एकदम भरू नका. पेरणी आली, लग्नसराई आली, परीक्षा आल्या की वर्ग सुटतो आणि पैसे परत मिळत नाहीत. महिन्याचे महिन्याला द्या. कुणी फीवर जीएसटी लावत असेल तर दोन गोष्टी तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि योग केंद्रांच्या सेवेवर हा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. आणि सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला हा कर ग्राहकाकडून घेताच येत नाही. म्हणून पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला नसेल तर तो कर देऊ नका. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांच्या योगप्रसाराच्या कामाला तर करातून सूटच आहे.

चटई, पाट आणि लोड

दुकानदार सगळ्यात जाड मॅट दाखवतो. दहा-बारा मिलिमीटरची ती मऊ मॅट झोपून करायच्या व्यायामाला ठीक, पण तिच्यावर वृक्षासनात उभं राहिलं की पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. सहा मिलिमीटर पुरे. साधी पीव्हीसीची ३०० ते ५०० पर्यंत मिळते, टीपीईची ९०० ते १,५००. घेताना दुकानातच तळहात ओला करून मॅटवर दाबा आणि पुढे सरकवून पाहा. हात घसरला तर ती मॅट घरी आणू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटेही घाम फुटतो, ओली मॅट गुळगुळीत होते आणि अधोमुख श्वानासनात मनगट नि खांदा दुखावतो. मॅटवर जुनी सुती चादर नीट ताणून घातली की हा प्रश्न मिटतो.

सतरंजीवरही चांगलं होतं, फक्त गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते. शहाबादी फरशी असेल तर तेवढा त्रास नाही.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ मध्ये रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभारली. पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, लोड असे आधार वापरून ताठ शरीराच्या, आजारी आणि वयस्क माणसालाही सुरक्षितपणे आसन करता यावं, ही त्यांच्या शिकवण्याची मोठी देणगी. आज ते सामान विकत घ्यायचं तर फोमची वीट दोन-तीनशेला, पट्टा दीड-दोनशेला आणि लोड हजाराच्या पुढे. मी यातलं काहीच घेतलेलं नाही. आपल्या घरात पाट असतो, तो वीट म्हणून चालतो. भारतीय बैठकीचा लोड माळ्यावर पडलेला असतो. घडी घातलेली गोधडी बैठकीखाली घेतली की मांडी घालताना कंबर वर येते आणि गुडघे आपसूक खाली उतरतात; त्यांना दाबायला कुणी लागत नाही. पट्ट्याच्या जागी सुती ओढणी. प्लास्टिकची खुर्ची मात्र वापरू नका, तिचे पाय फाकतात. लोखंडी घडीची खुर्ची भिंतीला टेकवून घ्या.

शरीर कुठे दुखावतं

माझ्या गुडघ्याचं कारण फिजिओथेरपिस्टनं दरवाजा दाखवून समजावलं. गुडघा ही बिजागरी. दार एका दिशेनं उघडतं आणि मिटतं, त्याला पिळायचं नसतं. पद्मासनात पाय फिरतो तो खरं म्हणजे खुब्यात फिरायला हवा. खुबा ताठ असेल, तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि आतली गादी मध्ये चिरडते. म्हणून "गुडघा खाली जात नाही" ही तक्रार खुब्याची असते, गुडघ्याची नाही. भद्रासनात भिंतीला टेकून, दोन्ही मांड्यांखाली घडी केलेली चादर घेऊन रोज दोन मिनिटं बसा. खुबा महिन्यांच्या हिशेबानं सुटतो. कधी कधी हाडाच्या ठेवणीमुळे सुटतच नाही. मग सुखासनातच बसा. त्यानं ध्यानात काही उणं राहत नाही.

वज्रासनाची गोष्ट वेगळी. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसायला ते चांगलंच, पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला लागून अगदी कातडीखालून जाते, आणि बराच वेळ दाबून बसलं की ती दुखावते. १९७१ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात अशा माणसाची नोंद आली: तासन्‌तास वज्रासनात बसून जप केला आणि त्याला पाऊल वर उचलता येईना. आपल्या जिल्ह्याला हे खास सांगायला हवं. कारंजा ही नृसिंहसरस्वतींची जन्मभूमी. दत्तजयंतीच्या आधी घरोघरी गुरुचरित्राचं सप्ताह-पारायण बसतं आणि रोज तीन-तीन, चार-चार तासांची बैठक होते. "पायाले मुंग्या येऊन राह्यल्या," म्हणत माणसं तशीच नेटानं बसून राहतात. मुंग्या आल्या की नस दाबली गेली आहे हे ओळखा. अध्याय संपला की पाय मोकळे करा, बैठक बदला, पाटावर घोंगडीची घडी घेऊन बसा. पोथीची शिस्त त्यानं मोडत नाही.

मानेबद्दल मी कडक आहे. शीर्षासन आणि सर्वांगासन यूट्यूब पाहून करायची आसनं नाहीत. मानेचे मणके डोक्याचं पाच-सहा किलो वजन पेलायला घडलेले. अख्ख्या शरीराचा भार त्यांच्यावर टाकायचा तर खांदे आणि हात आधी तयार व्हावे लागतात. सरकारनं योगदिनासाठी ठरवलेला ४५ मिनिटांचा क्रम पाहा. त्यात ताडासन, त्रिकोणासन, भद्रासन, भुजंगासन, सेतुबंधासन, पवनमुक्तासन आहे, पाय अर्ध्यावर उचलायचं अर्धहलासन आहे. पण शीर्षासन नाही आणि सर्वांगासनही नाही. सर्वसाधारण माणसाच्या आरोग्याला त्यांची गरज नाही. पाय वर करून आराम घ्यायचा तर भिंतीला पाय लावून पाठीवर पडा, मान मोकळी राहते.

रथसप्तमीच्या १०८ सूर्यनमस्कारांचंही असंच. वर्षभर न करणारा माणूस त्या दिवशी जोडीदाराच्या ईर्षेनं शंभर घालतो. पन्नासाव्याच्या पुढे पोटाचे स्नायू थकतात, कंबर लोंबते आणि प्रत्येक भुजंगासनात मणक्यावर झटका बसतो. मनगटं आणि खांदे वेगळेच. ज्याला १०८ घालायचेच आहेत त्यानं दिवाळीपासून सुरुवात करावी, बारांनी, आणि आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

मांडीच्या मागची शीर ताणली जाते ती पश्चिमोत्तानासनात, कपाळ गुडघ्याला लावायच्या हट्टापायी. बसायच्या हाडापाशी टोचल्यासारखं दुखू लागलं की ताण थांबवा. तिथली दुखापत महिनोन्‌महिने बरी होत नाही. गुडघे किंचित वाकवा, ओढणी तळपायाला अडकवा, पाठ सरळ राहील तेवढंच पुढे या.

पेरणी, निंदण, सोंगणी

शहरातली योगपुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे निम्मं शिबिर शेतात राबणाऱ्यांचं असतं, आणि त्यांच्या शरीराचा हिशेब उलटा आहे. योगदिन येतो २१ जूनला. मृग लागून गेलेला, पेरणीची घाई, सरीवर वाकून वाकून कंबर आधीच धरलेली. पुढे श्रावण-भाद्रपदात निंदणाला बाया दिवसभर उकिडव्या, आणि ऑक्टोबरात विळा घेऊन सोयाबीनची सोंगणी. ज्या बाईनं आठ तास वाकून काम केलं, तिला संध्याकाळी पादहस्तासन सांगणं म्हणजे दुखऱ्या कमरेला आणखी दुखवणं. तिला हवी मागे झुकणारी किंवा झोपून करायची आसनं: अर्धचक्रासन, मकरासन, सेतुबंधासन, एका वेळी एकच पाय पोटाशी घेणं, आणि दहा मिनिटं शवासन. तिचे पाय मजबूत आहेत, ताकदीची आसनं तिला नकोत; तिला विसावा हवा.

नवा वर्ग सुरू करायला आपल्याकडे चांगला काळ दिवाळीनंतरचा. सोयाबीन निघालेलं असतं, थंडी असते, उठवतं, हातात चार पैसे असतात. थंडीत मात्र आधी दहा मिनिटं चाला, सांधे फिरवा. गार शरीर ताणू नका. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटपा. आणि पोट रिकामं असू द्या. चहा चालेल, पोह्यांची बशी नाही.

दुखावलंच तर

स्नायू ताणला की येणारं ठसठसतं दुखणं दोन दिवसांत उतरतं. सांध्यात टोचलं, आवाज आला, सूज आली, वीज चमकावी तशी कळ पायात किंवा हातात गेली, तर ते ताणाचं दुखणं नाही. आसन तिथेच सोडा. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. चोळायचं नाही, शेकायचं नाही.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणूस शोधतात आणि त्याच्याकडून कमरेवर पाय मारून घेतात. नुसता पाय टेकवला तर काही बिघडत नाही. पण लाथ मारली आणि आत गादी सरकलेली असली, तर नस चिरडू शकते. हाडवैद्याकडून मान मोडून घेण्याचंही तसंच. हे माझ्या सासूबाईंना पटवायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तुमच्या घरी वेळ लागेल हे जाणते.

पाऊल उचलता येत नाही, लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, किंवा मानेला झटका बसल्यावर चक्कर येऊन बोलणं अडखळलं, तर वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा; ती रुग्णवाहिका मोफत आहे.

बाकी दुखण्याला आधी सरकारी दवाखाना किंवा हाडांचे डॉक्टर; खाजगीत तपासणी ३०० ते ५००. एमआरआय ५ ते ८ हजारांचा पडतो आणि प्रत्येक दुखण्याला लागत नाही. "हा आत्ता केला नाही तर उपचार बदलेल का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. पुष्कळदा तीन आठवडे फिजिओथेरपी करून मग ठरवू, असं उत्तर मिळतं. मला कुणी ते विचारायला सांगितलं असतं, तर कदाचित साडेसहा हजार वाचले असते. फिजिओथेरपी एका वेळचे २०० ते ४००. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारा आणि पहिल्या दोन भेटींतच घरी करायचे व्यायाम लिहून घ्या, म्हणजे फेऱ्या कमी होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड हे दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे; अशा बाहेरच्या बाहेर होणाऱ्या खर्चाला ते धरून बसू नका. खाजगी विम्याचंही बहुतेक तसंच. अकोल्याला जावं लागलं तर एसटीनं जा: बायकांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. मी गाडी केली होती, गुडघा वाकत नव्हता म्हणून.

फी घेणाऱ्या वर्गात निष्काळजीपणानं दुखापत झाली, किंवा वर्ग बंद पडून पैसे बुडाले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीतून बोलता येतं. यासाठी फीची पावती लागते, म्हणून रोख दिले तरी पावती मागा, फोन-पेनं दिले तर नोंदीचा फोटो ठेवा. आणि मोफत शिबिराला हा कायदा लागत नाही. पैसे न देता घेतलेली सेवा त्याच्या व्याख्येत बसत नाही. माझ्या त्या १४,९३० रुपयांसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागायला जागाच नव्हती.

आता मी महिन्याला ४०० रुपये देते. वर्गात आम्ही अकरा जणी आहोत. बाईंनी पहिल्याच दिवशी एमआरआयचा रिपोर्ट वाचायला मागून घेतला आणि माझ्या वहीत पद्मासनासमोर फुली मारली. मी पाटावर गोधडीची घडी घेऊन सुखासनात बसते.